खोलणार मी, जोडणार तो

बाजारात त्यांचं नाव ‘शॉक’ पडलं होतं. हात लावला की झटका बसतो, म्हणून. तोंडावर मात्र सगळे त्यांना मामा म्हणत. शॉक अशी हाक मारायची छाती खालच्या मजल्यावरच्या किल्लीवाल्यालाही झाली नव्हती, आणि तो किल्लीवाला म्हणजे पोलिसांशीसुद्धा हुज्जत घालणारा माणूस.

मामांचं दुकान एका जुन्या व्यापारी इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून होतं. वर येणाऱ्याला आधी मामांचा आवाज ऐकू येई, मग पाटी दिसे. पुष्कळसे लोक आवाज ऐकूनच अर्ध्या जिन्यातून परत फिरत. जे वर येत त्यांना दुसरीकडे कुठे गुण आलेला नसे.

मामांनी जन्मभर बिघडलेल्या वस्तू दुरुस्त केल्या. आधी रेडिओ, मग टेपरेकॉर्डर, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर आणि आता लॅपटॉप. वस्तू बदलत गेल्या, मामांची भाषा तीच राहिली. गिऱ्हाइकाने वस्तू टेबलावर ठेवली की पहिला प्रश्न, “कुणी हात लावला होता याला?” कुणीच नाही असं उत्तर आलं की, “मग काय, आपणहून मेला?” आणि मुलाने थोडं उघडून बघितलं होतं असं कुणी भोळेपणाने सांगितलं तर त्या मुलाच्या शिक्षणापासून आईबापांच्या वळणापर्यंत सगळ्यांचा उद्धार होई. तरी लोक येत. कारण मामा गिऱ्हाइकाला झोडपत, पण फसवत नसत. ज्या वस्तूत जीव नाही तिला जीव नाही असं सांगत, आणि एकदा दुरुस्त केलेली वस्तू सहसा परत येत नसे.

घरी मामी होत्या. त्यांनी लग्नानंतर लवकरच एक युक्ती शोधून काढली होती. मामा बोलायला लागले की त्या मिक्सर लावत. मिक्सरमध्ये काही असलंच पाहिजे असा त्यांचा आग्रह नव्हता.

एकुलती एक लेक. ती बापाच्या वळणावर गेली नाही याचं सगळ्यांना नवल वाटे. ती हळू बोलायची, पण बोललेलं मागे घ्यायची नाही. शिक्षण संपल्यावर ती दुकानाच्या काउंटरवर बसू लागली आणि पावती फाडण्याआधी गिऱ्हाइकाची समजूत घालणं हे तिचं मुख्य काम होऊन बसलं.

तिचा नवरा बँकेच्या पैसे देणाऱ्या यंत्रांची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत होता. त्या कंपनीने अचानक गाशा गुंडाळला. तेव्हा मामी म्हणाल्या, बाहेर कशाला, आपलंच दुकान आहे. मामा काही बोलले नाहीत. मामांनी काही न बोलणं म्हणजे होकार, असं घरातल्यांनी समजून घेतलं, आणि इथेच सगळ्यांची चूक झाली. मामा बोलले नाहीत, कारण त्या दिवशी त्यांचा घसा बसला होता.

जावई हुशार होता, यात वाद नाही. पण तो कंपनीत शिकलेला. स्क्रू काढला की डबीत ठेवणार, डबीवर चिकटपट्टी लावणार, हात पुसून मगच कीबोर्डला बोट लावणार. मामा स्क्रू तोंडात धरून काम करणारे. पहिल्याच आठवड्यात मामांनी विचारलं, “जावईबापू, आपण लॅपटॉप दुरुस्त करताय की त्याचं बारसं?” जावयाने शांतपणे उत्तर दिलं, “मामा, स्क्रू गिळलात तर पोट उघडायचं कुणी? तुम्ही की मी?”

तेव्हापासून दोघांत विस्तव जाईना.

मग तो जळलेल्या बोर्डाचा प्रकार झाला. एका गिऱ्हाइकाचा लॅपटॉप दोघांच्या हातांखालून गेला आणि चालू करताच आतून धूर आला. मामा म्हणाले, जावयाने चार्जर भलताच लावला. जावई म्हणाला, मामांनी आत स्क्रू विसरला. खरं काय ते त्या बोर्डालाच माहीत, आणि बोर्ड तर जळून गेलेला. गिऱ्हाइकासमोर अशा उखाळ्यापाखाळ्या निघाल्या की खालचा किल्लीवाला हातातली किल्ली तशीच टाकून वर बघायला आला.

त्याच दिवशी मामांनी नियम काढला. “यापुढे खोलणार मी, जोडणार तो. माझं काम कुठे संपलं आणि त्याचं कुठे सुरू झालं, हे आंधळ्यालाही दिसलं पाहिजे. मग कळेल खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं ते.”

जावई म्हणाला, “मला मान्य आहे.” आयुष्यात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं, तेही असं.

दुकानात दोन टेबलं समोरासमोर लागली. मामा वस्तू उघडत, बिघडलेला भाग काढत आणि बाकीचं सगळं एका स्टीलच्या ट्रेमध्ये घालून ट्रे टेबलाच्या कडेला ठेवत. जावई तो ट्रे उचलून नवीन भाग बसवी आणि वस्तू बंद करी. ट्रे एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात कधी गेला नाही. तो आधी टेबलावर ठेवला जाई, मग उचलला जाई. मध्ये शब्द नाही. बोलणं अगदी अडलंच तर ते काउंटरवरून वळसा घालून जाई.

“सांग तुझ्या नवऱ्याला, त्या काळ्या मशीनचा पंखा उलटा बसलाय.”

“सांग तुझ्या बाबांना, पंखा सुलटा आहे, चष्मा उलटा असेल.”

लेक काउंटरवर बसून दोन्हीकडचं ऐके. दोघांना एकमेकांचा शब्द न् शब्द ऐकू येतो, तरी आपण तो पुन्हा का उच्चारायचा, असं तिने एकदा विचारलं. पुढे तिने निरोप पोचवणं बंद केलं. मग ते दोघे तिच्याकडे बघून बोलत आणि ती पावत्यांकडे बघत राही.

हे वर्षभर चाललं. आणि मग एके रात्री जावई बाहेर गेला असताना जेवता जेवता लेकीने सांगितलं की जावयाच्या जुन्या मित्राने दुसऱ्या शहरात मोठं सर्व्हिस सेंटर काढलंय, त्याने बोलावलंय, राहायला जागाही देतोय.

“मग?” मामांनी विचारलं.

“मग काही नाही. उद्या संध्याकाळी त्याचा फोन येईल, तेव्हा हो किंवा नाही सांगायचंय.”

“त्याला जायचं असेल तर जाऊ दे की. मी काय त्याचा पाय धरून ठेवलाय?”

मामींनी मिक्सरकडे हात नेला. लेक म्हणाली, “आई, थांब. बाबा, तो गेला की मीही जाणार, एवढं तुम्हाला कळतंय ना? मी त्याला आजवर थोपवून धरलंय. तुमची भांडणं दोघांत राहिली तर मी ऐकून घेते. पण परक्या माणसासमोर तुम्ही त्याचा पाणउतारा करता, ते मला आता बघवत नाही. आता पुन्हा गिऱ्हाइकासमोर त्याच्यावर खापर फोडलंत ना, तर मीच त्याला सांगेन, हो म्हण.”

मामा जेवत राहिले. लेक लहान असताना रेडिओच्या मागच्या बाजूला बसून आतल्या लुकलुकणाऱ्या दिव्यांशी बोलायची. ही काउंटरवर नाही असं दुकान त्यांनी डोळ्यांसमोर आणून पाहिलं आणि त्यांना ते नीट दिसेना. पण तोंडातून निघालं ते एवढंच : “मीठ कमी आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर होता तो कान तपासणाऱ्या बाईंचा लॅपटॉप.

या बाईंचा चौकात दवाखाना होता. ऐकायला कमी येणाऱ्यांचे कान यंत्रावर तपासायचे आणि कानात घालायची मशीन त्यांच्यासाठी जुळवून द्यायची, हा त्यांचा व्यवसाय. सगळं काम त्या लॅपटॉपवर. आयुष्य बहिऱ्यांत गेल्यामुळे बाई प्रत्येक शब्द मोठ्याने आणि सुटा सुटा बोलत. लॅपटॉपची हार्ड डिस्क टकटक करायला लागली होती. मामांनी आदल्या दिवशी कान लावून ऐकलं आणि सांगितलं, “ही आज जाते की उद्या, एवढंच बघायचं. नवीन घालावी लागेल.”

“चालेल. पण. जुनी. डिस्क. मला. परत. पाहिजे. तिच्यात माझ्या पेशंटांची माहिती आहे. आत्ता, माझ्यासमोर काढा.”

“समोर? म्हणजे मी चोर?”

“मी असं म्हटलं नाही.”

“मी बहिरा नाही, बाई. म्हटलंत ते ऐकू आलं, आणि नाही म्हटलंत तेही.”

बाईंनीही माघार घेतली नाही. त्या टेबलाशी उभ्या राहून बघत राहिल्या. मामांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच रागात त्यांनी झाकण उघडलं, डिस्क ओढून काढली, तशीच कागदी पिशवीत कोंबली आणि बाईंच्या हातावर आपटली. “घ्या. मोजून घ्या, काही कमी पडलं तर.” बाईंनी पिशवी पर्समध्ये टाकली आणि उद्या दुपारी येते म्हणून गेल्या. मामांनी उघडा लॅपटॉप ट्रेमध्ये ठेवून ट्रे कडेला सरकवला. त्यांचं काम संपलं होतं.

जावयाने सकाळी नवीन डिस्क बसवली, झाकण लावलं आणि बटण दाबलं. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत आलं की डिस्क सापडत नाही.

त्याने बंद करून पुन्हा चालू केला. तेच. सेटिंगच्या पानावर गेला. जिथे डिस्कचं नाव दिसायला हवं तिथे रिकामी ओळ. त्याने एक-दोन सेटिंग बदलून बघितली, पुन्हा होती तशी केली. ओळ रिकामीच.

मामा समोर एका प्रिंटरच्या पोटात हात घालून बसले होते. नजर प्रिंटरवर, कान समोर. लॅपटॉप चालू होताना ज्या सुराने वाजतो तो सूर वाजला नाही, हे त्यांना कळलं होतं. त्यांना बरं वाटलं. मग लेकीचं कालचं बोलणं आठवलं आणि बरं वाटायचं थांबलं.

“डिस्कच मेलेली आणली असेल,” त्यांनी प्रिंटरला सांगितलं.

जावयाने नवीन डिस्क काढली आणि दुकानातल्या दुसऱ्या लॅपटॉपला लावली. तिथे ती क्षणात दिसली, नावासकट. मग त्याने त्या लॅपटॉपची चालू डिस्क काढून बाईंच्या लॅपटॉपला लावली. रिकामी ओळ. म्हणजे डिस्क चांगली, दोष लॅपटॉपमध्ये. इथेच घोडं पेंड खात होतं.

“काल हा लॅपटॉप आला तेव्हा चालू होता,” जावई बायकोकडे बघून म्हणाला. “डिस्क कुरकुरत होती, पण दिसत होती. नंतर त्याला एकाच माणसाने हात लावलाय. डिस्क अशी ओढून काढली की बोर्डावरचा सॉकेट ढिला होणार नाही तर काय?”

“सांग त्याला,” मामा म्हणाले, “मी डिस्क काढायला लागलो तेव्हा तो पाळण्यात होता. सॉकेटच्या पिना वाकतात त्या काढताना नाही, घालताना. ज्याला अंदाज नाही त्याच्या हातून.”

“पिना सरळ आहेत. भिंग लावून बघितल्यात.”

“भिंगातून बघायलाही डोळे लागतात.”

लेक पावती लिहीत होती. तिने मान वर केली नाही. “बाबा,” एवढंच म्हणाली. मामांनी पुन्हा प्रिंटरमध्ये हात घातला.

जावयाने सॉकेट स्पिरिटने पुसला. खोडरबराने डिस्कच्या सोनेरी पट्ट्या घासल्या. बॅटरी काढून ठेवली, बटण बराच वेळ दाबून धरलं, पुन्हा बॅटरी घातली. लॅपटॉप चालू व्हायचा, पंखा फिरायचा, दिवे लागायचे आणि मग तीच पांढरी अक्षरं. जावयाच्या शर्टाची पाठ भिजली. तो मधूनमधून मामांकडे अशा काही नजरेने बघे की मामांना वाटलं, हा नुसता चिडलेला नाही, याला माझ्याबद्दल काहीतरी ठाऊक आहे. पण काय, ते लक्षात येईना.

दुपारी बाई आल्या. जिन्यातच त्यांचा आवाज आला, “झाला. का. तयार?”

लेकीने खुर्ची पुढे केली. “थोडी अडचण आहे, मॅडम. नवीन डिस्क लॅपटॉप ओळखत नाहीये.”

“म्हणजे? काल तर चालत होता! माझे पेशंट बसलेत दवाखान्यात. एक आजोबा लांबून आलेत, त्यांना तर मी परत जा म्हणून सांगितलेलं ऐकूही जात नाही!”

“बघतोय आम्ही.”

“कोण बघतंय? काल यांनी उघडला, आज हे बसलेत. तुम्हा दोघांपैकी जबाबदार कोण?”

नेमका प्रश्न. मामांच्या तोंडात उत्तर तयार होतं, जिभेच्या टोकावर. सगळ्या दुकानाला ते माहीत होतं. लेकीने पेन खाली ठेवलं आणि वडिलांकडे पाहिलं. जावयाने पाहिलंही नाही. त्याने लॅपटॉप बंद केला, ट्रेमध्ये ठेवला आणि ट्रे मामांच्या बाजूच्या कडेला सरकवला. नियमाप्रमाणे खोलण्याचं काम मामांचं.

“आणा इकडे,” मामा कुणाकडेच न बघता बोलले. त्यांनी स्क्रू काढले, तोंडात धरले, झाकण उचललं आणि दिवा खाली ओढला.

सॉकेट ठीक होता. पिना खरोखरच सरळ होत्या. जावयाने म्हटलं होतं तेच. मामांना ते आवडलं नाही, पण दिसत होतं ते दिसत होतं. मग त्यांनी डिस्कपासून बोर्डापर्यंत जाणाऱ्या चपट्या केबलवर बोट फिरवलं. बोट मध्येच थांबलं.

ही केबल त्यांची नव्हती. म्हणजे त्यांनी काल बघितलेली नव्हती. कालच्या केबलला वळणावर काळी कापडी पट्टी होती. ही उघडी, आणि वळलेली जरा वेगळ्या जागी. टोकाचा आकार हुबेहूब तोच, म्हणून सॉकेटमध्ये चपखल बसली होती. भिंगाखाली धरली तेव्हा तिच्यावरचा बारीक नंबर दिसला. त्याच कंपनीच्या, पण वेगळ्या मॉडेलची केबल. टोक सारखं, आतल्या तारांची जोडणी वेगळी. अशी केबल लावली की वीज जाते, पण डिस्कचा पत्ता लॅपटॉपला लागत नाही.

सापडला! मामांच्या अंगात वीज शिरली. ज्याने जोडलं त्याची चूक, डोळ्यांसमोर, नंबरासकट. त्यांनी तोंड उघडलं सुद्धा. तोंडातले स्क्रू टेबलावर पडले.

आणि ते वेचता वेचता त्यांना दुसरी गोष्ट उमगली. मग मूळ केबल कुठे गेली?

ट्रे रिकामा होता. टेबलाखाली काही नव्हतं. मामांनी कालचा प्रसंग हातांनी आठवला. झाकण, डिस्क ओढली, पिशवी. केबल डिस्कपासून सोडवण्याची हालचाल हातांना आठवेना. ती केलीच नव्हती. बाईंशी भांडण्याच्या नादात केबल डिस्कच्या शेपटीला लटकत तशीच पिशवीत गेली होती आणि पिशवी पर्समध्ये. जावयाच्या ट्रेमध्ये केबल पोचलीच नव्हती. म्हणून त्याने ड्रॉवर धुंडाळून जुळणारी घातली.

हे दुकानात या घटकेला फक्त त्यांनाच माहीत होतं.

मामांना दोन वाटा दिसल्या. पहिली सोपी. केबल चुकीची घातलीये, नवीन मागवावी लागेल, दोन दिवसांनी या. यात एक शब्दही खोटा नव्हता. जोडणारा कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं, नाव घ्यायचीही गरज नव्हती. जन्मभर त्यांनी गिऱ्हाइकांना खरंच सांगितलं होतं आणि हेही खरंच होतं. फक्त अर्धं. दुसरी वाट म्हणजे बाईंकडे ती पिशवी मागायची, आणि पिशवी उघडली की काय दिसणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

लेक बघत होती. डोळ्यांची पापणीही न लववता.

“बाई,” मामा खेकसले, “ती कालची पिशवी कुठाय?”

“कुठली?”

“डिस्कची! दुसरी कुठली असणार?”

“पर्समध्येच आहे. का?”

“द्या इकडे. का म्हणून विचारू नका, द्या.”

बाईंनी पर्स धुंडाळली. पिशवी बाहेर आली. मामांनी ती उपडी केली आणि जुनी डिस्क टेबलावर पडली. तिच्या टोकाला काळी पट्टी लावलेली केबल लोंबत होती.

खाली किल्लीवाल्याचं यंत्र घरघरत होतं.

“माझ्याकडून गेली,” मामा बाईंना म्हणाले, पण आवाज असा, की चूक बाईंचीच असावी. “काल तुम्ही डोक्यावर उभ्या होतात. केबल काढून ठेवायची ती डिस्कबरोबर तशीच दिली मी. ऐकू आलं ना? का आजोबांना सांगता तसं सांगू?”

जावई उठून उभा राहिला. “म्हणजे सकाळपासून मी...” त्याने केबल उचलली, पाहिली, परत टाकली. “मला वाटलं, मुद्दाम काढून ठेवलीत.”

“काय?”

“केबल. मला वाटलं तुम्ही मुद्दाम काढून ठेवलीत. मी येऊन मागावी म्हणून. नाही मागितली तर आज गिऱ्हाइकासमोर माझं हसं व्हावं म्हणून. आज फोन येणार आहे ना.”

मामांच्या हातातलं भिंग टेबलावर टेकलं. त्यांनी जावयाला आजवर मूर्ख म्हटलं होतं, आळशी म्हटलं होतं, पाळण्यातला म्हटलं होतं. पण यंत्रातला भाग लपवून ठेवायचा? मशीन मुद्दाम अधू ठेवायचं? असं आपल्याबद्दल कुणाला वाटू शकतं, आणि ते घरातल्याच माणसाला, हे त्यांना आजवर सुचलं नव्हतं.

“मी?” ते म्हणाले. मग आवाज चढला. “अरे, मी तुझं नरडं दाबेन एक वेळ, पण मशीनचा भाग लपवेन? कसला समजतोस मला?”

वर्षभरातलं हे त्यांचं जावयाला थेट बोललेलं पहिलं वाक्य होतं, आणि त्यात ‘जावईबापू’ नव्हतं, ‘आपण’ नव्हतं.

“तुम्हीच सांगा, दुसरं काय समजू? तोंडाने कधी बोललात का?”

“तू विचारलंस का? ट्रेमध्ये केबल नाही, हे मला विचारायला तुझी जीभ झडली होती?”

“विचारलं असतं तर सगळ्या बाजाराला सांगितलं असतंत, जावयाला केबलसुद्धा सापडत नाही!”

“सांगितलं असतं! हजारदा सांगितलं असतं! पण केबल दिली असती ना, गाढवा!”

“आणि नंबर न बघता घातली ती माझी चूक, तेही सांगा की मग. सांगा, बाई बसल्याच आहेत.”

“ते काय सांगायचं? ते तुलाच माहीत आहे!”

बाईंनी मध्येच हात वर केला. “तुमचे. दोघांचेही. कान. उत्तम. आहेत,” त्या म्हणाल्या. “आता माझा लॅपटॉप जोडा.”

जोडायला कुणी घ्यायचा हे ठरेपर्यंत दोघांचेही हात ट्रेवर आले होते. जावयाने परकी केबल काढली, मामांनी जुन्या डिस्कची केबल सोडवून त्याच्या तळहातावर ठेवली. जावयाने ती लावली, डिस्क बसवली, पण झाकण लावलं नाही. तसंच बटण दाबलं. सेटिंगच्या पानावरच्या रिकाम्या ओळीत डिस्कचं नाव उमटलं.

नव्या डिस्कमध्ये सगळे प्रोग्राम भरून होईपर्यंत बाई दवाखान्यात जाऊन आल्या. आजोबांना त्यांनी खुर्चीत बसवून ठेवलं होतं. उन्हं कलताना त्या लॅपटॉप काखेत मारून जिना उतरल्या. जाताना लेकीला म्हणाल्या, “रोज. असंच. असतं?” लेक म्हणाली, “नाही, मॅडम. आज बरं होतं.”

मग फोन आला.

फोन लेकीच्या हाताशी होता. तिने नाव पाहिलं, वडिलांकडे पाहिलं आणि काही न बोलता फोन नवऱ्याला दिला. जावई फोन घेऊन बाहेर व्हरांड्यात गेला. काचेतून तो दिसत होता, ऐकू येत नव्हता. एकदा त्याने मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. मामांनी प्रिंटर पुढ्यात ओढला, त्याचा उघडलेला भाग पुन्हा उघडला आणि त्यात उगाच फुंकर मारली.

जावई आत आला.

“काय सांगितलंस?” मामांनी विचारलं. लेकीकडे न बघता, त्याच्याकडे बघून.

“महिनाभराने कळवतो म्हटलं.”

“महिनाभर कशाला? माझ्यावर उपकार?”

“तुमच्यावर कसले उपकार. महिनाभर तुमचं बघतो. आज चुकून खरं बोललात की खरंच तसं बोलता येतं, ते कळू दे.”

“आणि मला तुझं नाही पटलं तर?”

“तर तोंडावर सांगा. हिच्याकडे बघून नको. ती काय टेलिफोन आहे?”

“सांगीन. तुझे कान किटेपर्यंत सांगीन.”

“सांगा. मीही काही मुका नाही.”

लेकीने तोंड फिरवलं आणि उगाचच काउंटर पुसायला घेतला. ती हसली की रडली हे मामांना पाठमोरं कळलं नाही, आणि विचारायची त्यांची पद्धत नव्हती.

जावयाने आपलं स्टूल उचललं, समोरच्या टेबलाला वळसा घातला आणि मामांच्या टेबलाशी आणून आपटलं. प्रिंटरचं पोट अजून उघडंच होतं.

“सरका,” तो म्हणाला. “दिवा अडवताय.”

मामांनी एक सणसणीत शिवी घातली आणि सरकले.